आंबोलीहून मालवणास

मालवणचें पुढचें दार पूर्वीं समुद्राकडे होतें. मुंबईस नोकरीला असलेला चाकरमानी गणपतीला किंवा शिमग्याला घरीं निघाला म्हणजे तो आगबोटीनें येई. आगबोट बंदरापासून दूर, खोल पाण्यांत उभी राही. तेथून पडावांत उतरून, ट्रंका आणि मुलेंबाळें सांभाळीत उतारू किनाऱ्याला लागत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आगबोटींची ही ये-जा थांबली, रस्ते सुधारले, १९९८ सालीं कोंकण रेल्वेचा मार्ग पुरा झाला, आणि गांवाचें तोंड फिरलें. आज मालवणास येणारा बहुतेक प्रवासी मागच्या दारानें, म्हणजे घाटाकडून येतो. समुद्रमार्गानें येणाऱ्याला पहिल्यानें किल्ला दिसे. रस्त्यानें येणाऱ्याला, किल्ला ज्या मुलखाच्या बळावर उभा राहिला, तो मुलूख आधीं दिसतो.

या मुलखांत एके काळीं राजे होते. सावंतवाडीस भोंसल्यांचें संस्थान होतें. सिंधुदुर्गावर आरंभीं शिवछत्रपतींचा आणि पुढें करवीरकरांचा अंमल होता. राजे होते तेव्हां चितारी होते, कथेकरी ठाकर होते, पाथरवट होते, आणि त्यांच्या पोटापाण्याची चिंता कोणीतरी वाहत होतें. पुढें राजे गेले. राजाश्रय गेल्यानंतर कोणती कला जगते, कोणती मरते, आणि जी जगते ती कोणाच्या आधारावर जगते, या प्रश्नाला इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत सहसा जागा मिळत नाहीं. आंबोलीपासून मालवणपर्यंतच्या ऐंशी-नव्वद किलोमीटरांच्या रस्त्यावर मात्र त्याचें उत्तर टप्प्याटप्प्यानें मिळत जातें.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रांत सर्वांत अधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत तिची गणना होते, आणि हिरण्यकेशी नदी येथें उगम पावून पूर्वेकडे देशावर जाते. येथून खालीं उतरणारा रस्ता कोणी सृष्टिसौंदर्याच्या हौसेनें बांधलेला नाहीं. वेंगुर्ले बंदरांत उतरलेला माल बेळगांवच्या छावणीस पोंचविण्यासाठीं इंग्रजांना हा मार्ग हवा होता, आणि आंबोली हा त्या मार्गावरचा मुक्काम होता. छावणीचें सामान वाहून नेण्यासाठीं झालेला हा रस्ता पुढें माणसांच्या कामाला आला. वळणावळणानें तो खालीं उतरूं लागला म्हणजे धुकें मागें पडतें, हवा जड आणि उबदार होते, नाचणीच्या खाचरांऐवजीं माडा-पोफळींच्या बागा दिसूं लागतात, आणि सुमारें तीस किलोमीटरांवर सावंतवाडी येते.

सावंतवाडी शहर मोती तलावाच्या कांठीं वसलें आहे. तलावाचें आजचें रूप १८७४ सालचें. समोर राजवाडा आहे, आणि थोड्या अंतरावर चितार आळी. या आळींत पांगाऱ्याच्या हलक्या लांकडाचीं फळें, भाज्या, भातुकलीचीं भांडीं, पाट आणि चौरंग तयार होतात. येथल्या लांकडी आंब्याला आणि केळ्याला असा हुबेहूब रंग देतात कीं, पाहुण्याच्या पुढ्यांत खरें फळ आहे कीं लांकडी, हें हात लावल्यावांचून समजत नाहीं. परंतु या शहराची खरी ख्याति खेळण्यांहून जुन्या अशा एका वस्तूवर आहे. ती वस्तु म्हणजे गंजिफा.

गंजिफा हे वाटोळे पत्ते. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनें चिकटवून, त्यांवर खडूचा लेप देऊन, हातानें चित्र काढून वर लाखेचें रोगण चढवितात. दशावतारी गंजिफेंत १२० पानें असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाचीं बारा पानें. मत्स्याला मासा, कूर्माला कांसव, परशुरामाला परशु, अशा खुणांवरून रंग ओळखावयाचे. दिवसा डाव मांडला तर ज्याच्या हातीं रामाचा राजा असेल तो पहिली उतारी करतो. रात्रीं मांडला तर तो मान कृष्णाच्या राजाचा. खेळांत हरणारा खेळाडूहि देवाचें नांव घेऊनच पान टाकीत असे, आणि त्यामुळें वडीलधाऱ्यांच्या घरांतहि या खेळाला मज्जाव नव्हता.

छापील विलायती पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफेचे दिवस फिरले. ५२ पानांच्या यंत्रांतून निघालेल्या जोडापुढें महिनोन् महिने खपून रंगविलेल्या १२० पानांचा निभाव लागणें शक्यच नव्हतें. १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि मागणारा धनीहि राहिला नाहीं. १९७० च्या सुमारास ही विद्या पुंडलीक चितारी या वृद्ध कारागिराच्या हातांत काय ती उरली होती. तेव्हां एक उलटी गोष्ट घडली. राज्य गेलेले शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनीं या कारागिराकडून ती विद्या समजून घेतली, आणि राजवाड्याच्या दरबारी दालनांत चितारी पुन्हां रंग घोटूं लागले. पूर्वीं चितारी राजाच्या दारीं येत असे. येथें राजघराणें चिताऱ्याचें शिष्य झालें. सत्ता आणि खजिना हातीं होता तेव्हां या घराण्यानें गंजिफा विकत घेतली होती. दोन्ही गेल्यावर त्यानें ती वांचविली. आज त्या दालनांत जाणारा प्रवासी कारागिराच्या खांद्यावरून वांकून पाहूं शकतो, आणि एका पानावरच्या माशाला खवले काढण्यास किती वेळ लागतो, हें प्रत्यक्ष पाहतो.

सावंतवाडीहून रस्ता उत्तरेस कुडाळकडे वळतो. कुडाळच्या अलीकडे पिंगुळी हें गांव लागतें. येथल्या ठाकर समाजाकडे तीन कला वंशपरंपरेनें चालत आल्या आहेत : चित्रकथी, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ आणि कळसूत्री बाहुल्या. चित्रकथी म्हणजे चित्र दाखवून कथा सांगणारा. रामायण-महाभारतांतील एकेका आख्यानाचीं चित्रें क्रमानें लावून त्यांची पोथी बांधलेली असते. कथेकरी चित्र मांडीवर उभें धरतो, त्यांतल्या एकेका पात्राकडे निर्देश करीत गातो, साथीला वीणा, हुडुक आणि टाळ असतात, आणि प्रसंग संपला म्हणजे पुढचें चित्र वर येतें. विजेचा दिवा नव्हता आणि चित्रपट नव्हता, त्या काळीं देवळाच्या मंडपांत बसलेल्या शेतकऱ्याला रावणाचा दरबार दिसला तो याच कागदांवर. डोळे मोठे, नाकें धारदार, अंगें एका बाजूस वळलेलीं, रंग थोडे आणि ठळक. समईच्या उजेडांत मागच्या रांगेंतल्या माणसालाहि ओळखतां यावीं, अशीच हीं चित्रें आहेत.

या समाजाला सावंतवाडी दरबाराचा आश्रय होता, आणि अमुक देवळांत अमुक दिवशीं कथा लावावयाची असे मान ठरलेले होते. आश्रय संपला तसे हे मानहि हळूंहळूं सुटले. चित्रें जीर्ण झालीं. कांहीं हौशी संग्राहकांच्या हातीं गेलीं. चित्र संग्रहालयांत गेलें म्हणजे कागद वांचतो, पण तो हातांत धरून गाणारा माणूस तेथें जात नाहीं. पिंगुळींत या अडचणीवर एक साधा उपाय झाला. परशुराम गंगावणे यांनीं आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्यांतच चित्रें आणि बाहुल्या मांडल्या, आणि पाहावयास आलेल्याला तेथेंच खेळ करून दाखविण्याची प्रथा पाडली. २०२१ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मान दिल्लीहून आला, परंतु तो येण्यापूर्वींची कित्येक वर्षें कोणी विचारीत नसतांना बाहुल्यांचे दोरे बदलणें आणि मुलांना पदें पाठ करविणें चालूच होतें. तें चाललें नसतें तर सन्मान करावयास कोणी उरलेंच नसतें.

कुडाळहून मालवणकडे जाणारा रस्ता ज्या गांवांतून जातो त्या गांवांना राजाच्या आश्रयाची गरज कधींच न पडलेली एक कला आहे. ती म्हणजे दशावतार. भातकापणी आटोपली, कार्तिक लागला, कीं गांवोगांवच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रेच्या रात्रीं देवळापुढें दशावताराचा खेळ होतो. पडदा नाहीं, देखावा नाहीं. एक बांकडें हेंच सिंहासन, तेंच अरण्य आणि तोच पर्वत. संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतें आणि नट आपापल्या बुद्धीनें बोलतात. स्त्रियांचीं सोंगें पुरुषच घेतात. आरंभीं काळ्या वेषांतला संकासुर येऊन लोकांना हंसवितो, आणि पहांटेपर्यंत आख्यान चालतें. वालावलकर, मोचेमाडकर, खानोलकर अशीं मंडळ्यांचीं नांवें गांवांवरून पडलेलीं आहेत. मंडळीचा पेटारा देवासारखा पुजला जातो. दिवसभर शेतावर किंवा दुकानांत राबणारा माणूस रात्रीं त्याच पेटाऱ्यांतला मुकुट डोक्यावर ठेवतो, आणि सकाळीं पुन्हां कामावर जातो.

या बोलींत आणि या नाट्यवेडांत केवढें बळ आहे हें शहराला फार उशिरां कळलें. गंगाराम गवाणकर यांनीं लिहिलेलें आणि मच्छिंद्र कांबळी यांनीं गाजविलेलें ‘वस्त्रहरण’ हें मालवणी नाटक १९८० सालीं रंगभूमीवर आलें, आणि त्याचे पांच हजारांहून अधिक प्रयोग झाले. गांवांतल्या हौशी नटांनीं बसविलेल्या पौराणिक खेळाची फजिती, हाच त्याचा विषय. मुंबईच्या नाट्यगृहांत लोक पोट धरधरून हंसले. त्यांतल्या पुष्कळांनीं आपल्याच आजोळच्या जत्रेंतली रात्र तेथें पुन्हां पाहिली.

मालवणच्या अलीकडे सुमारें पंधरा किलोमीटरांवर धामापूरचा तलाव आहे. डोंगराच्या कुशींत, दाट झाडीच्या मध्यें, कांठावर भगवतीचें देऊळ. १५३० सालीं विजयनगरच्या अमलाखालील मांडलिक नागेश देसाई यांनीं गांवकऱ्यांच्या साहाय्यानें हा तलाव बांधला, असें सांगतात. विजयनगरचें साम्राज्य त्यानंतर पस्तीस वर्षांनीं तालिकोटच्या रणांत कोसळलें. तलाव मात्र आपलें काम करीत राहिला, आणि २०२० सालीं सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. या तलावाची एक दंतकथा आहे. ज्या घरीं लग्न असे आणि दागिने नसत, त्या घरच्या माणसानें देवीची प्रार्थना करून फुलांची परडी पाण्यावर सोडावी. परडी सोन्याच्या दागिन्यांनीं भरून वर येई. कार्य उरकलें कीं दागिने परत करावयाचे. पुढें कोणी एकानें ते परत केले नाहींत, आणि तेव्हांपासून देवीनें देणें बंद केलें. इतिहास म्हणून या कथेला कांहीं किंमत नाहीं. परंतु तलाव म्हणजे काय, हें ती बरोबर सांगते. पाणी घ्यावयाचें तर गाळ काढला पाहिजे, बांध राखला पाहिजे, पाट मोकळे ठेवले पाहिजेत. घेणारा परत करीत राहील तोंवरच देणें चालतें. सावंतवाडीस आणि पिंगुळीस जें पाहिलें त्याचाहि अर्थ याहून फारसा निराळा नाहीं.

यानंतर जांभ्या दगडाचीं कुंपणें आणि कौलारू घरें दाट होत जातात, आणि मालवणची बाजारपेठ लागते. आमसुलें, मालवणी मसाला, आलें-गुळाच्या पाकांतलें खाजें आणि ताज्या मासळीचा वास यांतून रस्ता सरळ बंदरावर येऊन थांबतो. समोर पाण्यांत सिंधुदुर्ग आहे.

१६६४ सालच्या आरंभीं शिवाजीमहाराजांनीं सुरतेवर स्वारी केली. त्याच वर्षाच्या अखेरीस, २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं, मालवणच्या किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापाशीं पूजा करून या किल्ल्याच्या कामास आरंभ झाला. जंजिऱ्यास सिद्दी होता, गोव्यास पोर्तुगीज होते, वेंगुर्ल्यास डचांची वखार होती. अशा किनाऱ्यावर आपलें आरमार ठेवावयाचें तर शत्रूच्या तोफांना सहज न सांपडणारी जागा हवी होती. कुरटे बेट ती जागा ठरलें. त्याच्या भोंवतीं पाण्यांत लपलेले खडक आहेत. वाट ठाऊक असलेल्या नावाड्याला ते आडोसा देतात, आणि नवख्याचें गलबत फोडतात. या खडकांची माहिती कागदावर नव्हती. ती येथल्या कोळ्यांना आणि नावाड्यांना होती. सुमारें तीन वर्षें काम चाललें. पायाचे चिरे बसवितांना शिसें ओतलें. बेटाचा विस्तार सुमारें ४८ एकर. त्याच्या कडेकडेनें, खडकाच्या वळणाप्रमाणें वळत गेलेला तट सुमारें तीस फूट उंच आणि बारा फूट रुंद आहे. दरवाजा दोन बुरुजांच्या वळणांत असा दडविला आहे कीं होडी अगदीं जवळ जाईपर्यंत तो दिसत नाहीं. बांधकामाची कला ती हीच. येथें कोरीव नक्षी शोधणाऱ्याची निराशा होईल.

किल्ल्यानें धनी पुष्कळ पाहिले. १७६५ सालीं इंग्रजांनीं तो घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असें नांव दिलें. पुढच्याच वर्षीं तो तहानें करवीरकरांकडे परत आला, आणि इंग्रजी नांव कागदावरच राहिलें. १८१२ च्या तहानें मालवण पुन्हां इंग्रजांकडे गेलें. आरमार संपलें, तोफा निकामी झाल्या, राजवाडा पडला. तरी आंतलें एक देऊळ चालू राहिलें. राजाराममहाराजांच्या काळीं बांधलेल्या शिवराजेश्वराच्या या देवळांत शिवाजीमहाराजांची बैठी मूर्ति आहे. चेहऱ्यावर दाढी नाहीं आणि डोक्यावर नावाड्यासारखी टोपी आहे. ज्या समुद्रावर नावाड्यांच्या ज्ञानावांचून हा किल्ला उभा राहिला नसता, तेथें राजाच्या मस्तकावर त्यांची टोपी असणें योग्यच आहे. या मूर्तीची पूजा आजहि होते. दरवाजाजवळ चुन्यांत उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे महाराजांचे मानले जातात. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरींचें पाणी, चहूंकडे खारा समुद्र असतांना, गोड आहे. किल्ल्यांतली पूर्वीची वस्ती पुष्कळ घटली आहे. तरी कांहीं कुटुंबें तेथें राहतात. पावसाळ्यांत प्रवाशांच्या होड्या बंद होतात, समुद्र तटावर आदळत राहतो, आणि देवळांतला दिवा लावण्याचें काम या वस्तीवरच असतें.

सिंधुदुर्गासमोर, किनाऱ्यावर, राजकोट आहे. तेथें ४ डिसेंबर २०२३ रोजीं, नौदलदिनाच्या दिवशीं, महाराजांच्या पस्तीस फुटी पुतळ्याचें अनावरण पंतप्रधानांच्या हस्तें झालें. तो पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला. नऊ महिनेहि पुरे झाले नव्हते. चौकशा झाल्या, दोषारोप झाले, आणि २०२५ सालीं त्याच ठिकाणीं साठ फूट उंचीचा नवा पुतळा उभा राहिला. ज्या दिवशीं पहिला पुतळा पडला त्या दिवशीं समोरचा तट तोच वारा आणि तोच पाऊस सोशीत होता, आणि त्याला तीनशें साठ वर्षें होत आलीं होतीं. ही तुलना मालवणच्या माणसाला कोणी शिकवावी लागली नाहीं. बंदरावर उभें राहिलें कीं दोन्ही जागा एकाच नजरेंत येतात.

जुनें तें सारें भक्कम आणि नवें तें पोकळ, असा निष्कर्ष यावरून काढणें मात्र चुकीचें ठरेल. तटाचे चिरेहि निखळतात, बुरूज ढांसळतात, आणि ते सावरावे लागतात. पहिल्या पुतळ्याला राजाश्रयाची उणीव नव्हती. सरकार होतें, द्रव्य होतें, समारंभ होता. गंजिफेला, चित्रकथीला, धामापूरच्या बांधाला यांतलें फारच थोडें मिळालें, आणि त्या गोष्टी टिकल्या. त्यांच्याजवळ होतीं तीं पिढ्यानुपिढ्या त्याच कामांत मुरलेलीं माणसें. समारंभ आटोपल्यावरहि तीं जागेवर असत. राजकोटच्या नव्या पुतळ्याची उंची सर्वांना सांगतां येते. दर पावसाळ्यानंतर त्याचे सांधे पाहणारा माणूस कोण, हेंहि तितक्याच सहज सांगतां आलें पाहिजे.

जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत सिंधुदुर्ग आहे. आतां मालवणच्या रस्त्यावर गर्दी वाढेल, आणि बंदरावर होडीसाठीं रांग लांबेल. या रांगेंतल्या प्रवाशानें येतांना चितार आळींत एक गंजिफा विकत घेतली असेल, पिंगुळीच्या गोठ्यांत बसून एक आख्यान पुरतें ऐकलें असेल, तर धामापूरच्या परडींत त्यानें कांहींतरी परत टाकलें असें म्हणतां येईल. किल्ल्यावर त्याला तीन विहिरी दाखवितात. दुसऱ्या दिवशीं येणाऱ्यालाहि त्यांचें पाणी गोडच लागावयाचें आहे, एवढें ध्यानांत ठेवून त्यानें तें प्यावें.